राखीव खुर्ची

४ फेब्रुवारी

आदरणीय प्लगिन विभागप्रमुख साहेब,

आज मुद्दाम साहेब म्हणते आहे, भाऊजी. सकाळी तुमच्या कंपनीची नोटीस आली. खाली कुणाचं नाव नाही, नुसतं ‘प्लगिन विभाग’. प्लगिन विभाग म्हणजे तूच ना रे? की ज्याला दहावीचं गणित शिकवताना माझा घसा बसला, तो दुसराच कोणी होता? फोन केला असता, पण फोनवर तू ‘वहिनी, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कुजबुजतोस. लिहिलेलं तरी वाचशील.

नोटीस म्हणते, ‘राखीव खुर्ची’ हे प्लगिन गेली दोन वर्षं अद्ययावत केलेलं नाही, सबब ते बेवारस समजण्यात येत आहे. तीस दिवसांनी नवी आवृत्ती येईल तेव्हा ते बंद होईल. बेवारस! मी जिवंत आहे. टायरच्या दुकानावरच्या त्याच खोलीत बसते, त्याच पत्त्यावर आलेल्या मेलना उत्तरं देते. मारण्याआधी एका ओळीत ‘आहात का?’ एवढं विचारायला काय झालं होतं?

तुझ्या खात्यात हजारो प्लगिनं पडली असतील, म्हणून आठवण करून देते. तुमचं ॲप दवाखान्यांच्या वेळा सांभाळतं. वेळेवर न आलेल्या पेशंटचा नंबर ते पंधरा मिनिटांत रद्द करतं आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला आपोआप मेसेज धाडतं. दातांच्या दवाखान्यात हे चालतं. दातवाला उद्या येईल. पण डायलिसिस केंद्रात? तिथे आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं असतं. एक पाळी हुकली तर अंगात पाणी साठतं, श्वास कोंडतो. तिथे माणूस आला नाही तर आधी त्याला फोन करायचा आणि तोवर खुर्ची धरून ठेवायची, हे तुमच्या ॲपला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या इथल्या केंद्राच्या मोठ्या सिस्टरनी तीन वर्षांपूर्वी माझ्यापुढे डोकं धरलं, म्हणून ॲपला बाहेरून जोडायचा हा तुकडा मी लिहिला. आज सहा केंद्रांत बसवलेला आहे. एक तक्रार नाही. तक्रार नाही म्हणून हात लावला नाही, आणि हात लावला नाही म्हणून तुम्ही त्याला मेलेलं ठरवलंत.

तुझ्या दादाला नोटीस वाचून दाखवली. तो म्हणाला, “कारखान्यातून गाडी एकाच ब्रेकची येते. ड्रायव्हिंग शिकवायला शाळेत आणली की मी माझ्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून घेतो. तो नीट लागतोय, तर दर दोन वर्षांनी उखडून पुन्हा बसवू का? ह्याला अक्कल कोणी दिली?” अक्कल हा शब्द त्याचा आहे, माझा जरा जास्त वाईट होता.

नोटीस मागे घे.

तुझी, अजून तरी,
वहिनी

७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

‘अजून तरी’ वाचून आधी हसलो, मग घाबरलो.

तुझा राग डोक्यावर. पण हा नियम मी झोपेत केलेला नाही. गेल्या वर्षीचं प्रकरण तुला माहीत नाही. पानाच्या कोपऱ्यात हवामान दाखवणारं एक साधं प्लगिन होतं, ऊन-पाऊस-ढग. लिहिणाऱ्याने ते कधीच सोडून दिलं होतं. कोणीतरी त्याच्याकडून ते घेतलं, आतून बदललं आणि चारशे दवाखान्यांतल्या पेशंटचे फोननंबर गुपचूप बाहेर नेले. प्लगिन एकदा आत घेतलं की घरातल्या माणसासारखं सगळ्या खोल्यांत फिरतं. दारात कोण उभा आहे हे आम्हाला कळायलाच हवं. म्हणून नियम: दोन वर्षं हालचाल नाही, तर बाहेर.

आता तुझ्यापुरता उपाय सांगतो, आणि तो अगदी सोपा आहे. फाइल उघड, कुठल्यातरी टिपेत एक पूर्णविराम टाक, आवृत्तीचा आकडा एकने वाढव आणि चढव. आमच्या यंत्राला हालचाल दिसेल, नोटीस आपोआप जाईल. सगळे हेच करतात. दोन मिनिटांचं काम आहे, वहिनी.

दादा कसा आहे? सोमवारी फोन लावला, बंद. बुधवारी बंद, शुक्रवारीही बंद. संध्याकाळी लागतो, तर दोन वाक्यं बोलून ठेवून देतो. ड्रायव्हिंग स्कूल इतकं जोरात चाललंय का? मुली विचारतात, मोठे काका आमच्यावर रुसलेत का?

तुझा,
धाकटा

१० फेब्रुवारी

धाकट्या,

पूर्णविराम टाकू? म्हणजे काहीही न बदलता ‘बदललं’ म्हणून सही करू?

माझ्या सहा केंद्रांना मी एकच गोष्ट पक्की सांगितली आहे: माझ्याकडून नवी आवृत्ती आली, याचा अर्थ काहीतरी खरंच बदललंय. मग ती आधी रिकाम्या वेळेत चालवून बघायची, एकीने फोन उचलायचा, दुसरीने खुर्ची धरली जाते का ते बघायचं. आमच्या मोठ्या सिस्टर तर बदलाची टीप छापून भिंतीला चिकटवतात. आता त्यांनी तुझा पूर्णविराम भिंतीला चिकटवायचा का? आणि दुसऱ्यांदा मी खरोखर काही बदललं, तेव्हा त्या म्हणणार, असेल काहीतरी पूर्णविराम. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

आणि एक मला सांग. तुझा तो हवामानवाला चोर. त्याने नवी आवृत्ती काढूनच चोरी केली ना? म्हणजे तुझ्या यंत्राला तो सगळ्यात जिवंत, सगळ्यात कामसू दिसला असणार. त्याला तुमच्या नियमाने काय अडवलं असतं? कप्पाळ! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

रागावून थांबत नाही, उपायही देते. एक बटण ठेवा: ‘मी तपासलं, बदलाची गरज नाही.’ खाली लिहिणाऱ्याचं नाव, तारीख. वर्षातून एकदा दाबायचं. ज्याला काळजी आहे तो दाबेल, ज्याने सोडून दिलंय तो दाबणार नाही. तुम्हाला हवं ते कळेल आणि मला खोटं बोलावं लागणार नाही.

तू एकदा त्या केंद्रात येऊन बस म्हणजे कळेल. खिडकीजवळच्या खुर्चीवर ऊन येतं म्हणून तिथे कोणी बसायला मागत नाही. टीव्हीचा आवाज बंद असतो आणि सगळे त्याच्याकडेच बघत असतात. एक खुर्ची रिकामी दिसली की बाकीचे नऊजण मान वळवून दाराकडे बघतात. सगळ्यांच्या मनात एकच असतं, गेला की काय?

शाळा जोरात आहे. दादाला सवड नाही. रुसलेला नाही म्हणून मुलींना सांग.

वहिनी

२१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं बटण मीटिंगमध्ये मांडलं. खरंच मांडलं. पहिला प्रश्न आला, हे प्लगिन किती ठिकाणी आहे? सहा म्हटल्यावर दोघेजण हसले. आमच्याकडे चाळीस हजार ठिकाणी बसलेली प्लगिनं आहेत, त्यांचेही लेखक भांडतात. सहासाठी नियम वाकवला तर उद्या रांग लागेल. दुसरा प्रश्न असा की लेखक कोण? मी खरं सांगितलं. मग सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकी घातली. वहिनीसाठी बटण आणतोय, हे कोणी बोललं नाही इतकंच.

तेव्हा माझे हात बांधलेले आहेत. आणि मनापासून सांगतो, राग मानू नकोस: हा आता प्लगिनचा प्रश्न राहिलेला नाही, तुझ्या मानाचा झालाय. काम उत्तम आहे हे मला मान्य, पण उत्तम काम करणाऱ्यानेसुद्धा कधीकधी मान तुकवावी. दादाच शिकवतो ना, रस्ता आपला असला तरी समोरून ट्रक आला की बाजू द्यायची?

पूर्णविराम टाक. अजून वेळ आहे.

तुझा,
धाकटा

८ मार्च

धाकट्या,

इस्पितळाच्या पॅसेजमधून लिहिते आहे. ट्रक आला होता. कोणी बाजू दिली नाही.

तुला पूर्णविराम दिला नाही, पण सहाही केंद्रांना मी बजावून ठेवलं होतं: नवी आवृत्ती घेऊ नका, ती घ्यायचं बटण दाबू नका. त्यांनी दाबलंही नाही. तुम्हीच दाबलंत, गुरुवारी संध्याकाळी, इथून, तिथून, सगळीकडून, आपोआप! शुक्रवारी सकाळी सिस्टरनी संगणक लावला. रंग जरा निळसर झाला होता, बाकी सगळं तसंच. ‘राखीव खुर्ची’ बंद केली आहे असं कुठे म्हणून लिहिलेलं नव्हतं. गुपचूप काम करणारी वस्तू गुपचूप गेली.

त्या सकाळच्या पाळीचा एक पेशंट उशिरा आला. तोही असा हट्टी की डायलिसिसच्या दिवशीसुद्धा आधी एक शिकवणी उरकून येतो. शिकणाऱ्या पोराने भर चौकात गाडी बंद पाडली, क्लच जाळला, मागे हॉर्नचा गोंधळ. गाडी कडेला लावून हा रिक्षाने धावत आला, तर त्याच्या खुर्चीवर दुसरा. तुमच्या ॲपने पंधराव्या मिनिटाला नंबर रद्द करून त्या दुसऱ्याला बोलावून घेतलं होतं. तो बिचारा मशीनला जोडला गेला होता, त्याला कोण उठवणार? सिस्टर रडायच्या बेताला आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची पाळी मिळाली. तोवर निभलं नाही. शनिवारी सकाळी त्याला आडवं होता येईना, दोन शब्दांमध्ये तीनदा श्वास घ्यावा लागे. तसाच इथे आणला.

तो पेशंट तुझा दादा आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. फोन बंद ठेवतो, कारण मशीनची घंटा तुला ऐकू जाईल. मला शपथ घातली होती त्याने. म्हणाला, “त्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी पोट उघडं टाकून दारात उभा राहील, घे म्हणेल. त्याला दोन लहान मुली आहेत.” मी ती खुर्ची परक्यांसाठी लिहिली होती, धाकट्या. त्यात माझाच माणूस बसेल हे मला काय ठाऊक! आणि तू मला मान तुकवायला सांगत होतास.

आता बरा आहे. झोपलाय. काल बोलायला लागल्यावर पहिलं वाक्य काय बोलला असेल? “त्याला कळवू नकोस.” ही बघ, कळवते आहे.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

प्रिय वगैरे लिहायला हात वळत नाही.

कालच्या आधी तू मला दोन पत्रं लिहिलीस. त्यात आकडे होते, टिपा होत्या, भिंतीला चिकटवलेला कागद होता. खिडकीतलं ऊनसुद्धा होतं! फक्त माझा भाऊ नव्हता. शपथ म्हणे! मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून तुम्ही दोघं मला ‘लहान आहे, त्याला नको सांगायला’ म्हणून बाजूच्या खोलीत पाठवत आलात. बाबा गेले तेव्हाही मला शेवटी कळलं. आज माझे केस पिकायला लागलेत, वहिनी. किती दिवस बाजूच्या खोलीत बसू?

आणि आता रागाने विचारतो, उत्तर दे. पूर्णविराम टाकला असतास तर प्लगिन शुक्रवारी चालू असतं की नसतं? तुला माहीत होतं तिथे कोण बसतो. मला माहीत नव्हतं. माझा नियम आंधळा होता, कबूल. पण तू डोळे उघडे ठेवून तत्त्वाला धरून बसलीस. दादाच्या श्वासापेक्षा एक टिंब जड झालं तुला?

आज मीटिंगमध्ये मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. साहेब म्हणाले, अरेरे, तुमच्या भावाच्या केंद्रापुरता अपवाद करून टाकू. मी म्हटलं, भाऊ नसता तर? बाकीच्या पाच केंद्रांत कोणाकोणाचे भाऊ बसलेत ते मोजून येऊ का? सहा म्हटल्यावर हसलेले दोघे खाली बघत होते. तास-दीड तास भांडलो. तुझं बटण मंजूर झालंय. शिवाय यापुढे नव्या आवृत्तीने एखादं प्लगिन बंद पडणार असेल तर आवृत्ती तिथेच थांबेल, ठळक अक्षरांत विचारेल आणि माणसाने ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाही. वरातीमागून घोडं, मला माहीत आहे.

दुसरं. आज सकाळी मी रक्त तपासायला दिलं. गट तोच आहे. पुढच्या तपासण्या होतील. ही परवानगी मागत नाही, कळवतोय. तुम्ही कळवत नाही, मी कळवतो.

धाकटा

११ मार्च

धाकट्या,

टिंबाचं विचारलंस. प्लगिन चालू असतं. हो. हे वाचून तुझं समाधान झालं असेल तर होऊ दे.

पण तुझ्या नियमासाठी मी खोटं का बोलायचं, याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, आणि दादा आजारी आहे म्हणून ते उत्तर बदलत नाही. तो खुर्चीत आहे एवढ्यासाठी मी रडत तुझ्याकडे आले असते तर तू एका दिवसात सगळं केलं असतंस, मला ठाऊक आहे. त्याचाच मला संताप येतो. ओळखीचा माणूस बुडाल्याशिवाय पाणी खोल आहे हे कोणी मानायचंच नाही का?

बाजूच्या खोलीचं मात्र खरं आहे. त्याबद्दल तू जे बोललास ते सगळं आम्हाला लागू. दादाला पत्र वाचून दाखवलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

बटण दाबणार आहे. पण तपासल्याशिवाय नाही.

वहिनी

१८ मार्च

धाकटोबास,

तुम्ही दोघं माझ्या जिवावर इतके दिवस पत्रापत्री खेळताय, तेव्हा आता माझंही एक घ्या. मला टाइप करायला वेळ लागतो, मशीनवर आहे, एकच हात मोकळा आहे.

आधी तुझ्या वहिनीचं. ती हे तुला मरेपर्यंत सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. ते ‘तपासलं’ बटण दाबायचं म्हणून ती तो आपला तुकडा वाचायला बसली. लिहिल्यानंतर पहिल्यांदाच, पहिल्या ओळीपासून. दुपारी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मी जाऊन बघितलं, तर बाई डोक्याला हात लावून बसलेल्या. तो तुकडा फक्त पेशंटलाच फोन करतो. घरच्यांना करतच नाही! आणि पेशंटचा फोन बंद असला तर अर्धा तास वाट बघून खुर्ची सोडून देतो. माझा फोन बंद होता. मी अर्ध्या तासाच्या पुष्कळ नंतर पोचलो. म्हणजे तुझं टिंब पडलं असतं तरी शुक्रवारी माझी खुर्ची गेलीच असती.

तर घ्या. तुझा नियम, तिचं तत्त्व आणि माझा बंद फोन. तिघे शहाणे आणि एक फोन करायला कोणी नाही. रागावायचं तर कोणावर रागवू? तरी मी रागावलोच आहे, सगळ्यांवर समसमान.

तिने दोन दिवस बसून घरच्यांचा नंबर घातला. फोन उचलेपर्यंत खुर्ची सुटत नाही असं केलं. मग आवृत्तीचा आकडा वाढवला, खराखुरा. सिस्टरनी टीप छापून चिकटवली आणि खाली हिच्या नावाला दोन रेघा मारल्या. हिने तुझ्या बटणाबद्दल अजून तोंड उघडलेलं नाही, पण काल शेजारणीला सांगताना ऐकलं, “आमच्या भाऊजींनी लावलंय.”

आता तुझं. तू कोणाला विचारून रक्त दिलंस? मी मागितलं होतं? रस्त्यात गाडी बंद पडली की येणारा-जाणारा धक्का मारायला येतो तसं समजलास का? मला तुझं काही नको. तुझ्या पोटाला टाके पडलेले बघायला मी तुला सायकल शिकवली नव्हती. मुली लहान आहेत. तुझ्या बायकोला तोंड कसं दाखवू? डॉक्टरांनी समजावलं, सिस्टरनी समजावलं, तुझी वहिनी तर समजावतच असते. मी कोणाचं ऐकलेलं नाही. विषय निघाला की उठून बाहेर जातो. बाहेर नाही जमलं तर संडासात जातो. घरी आलो तेव्हापासून हेच चाललंय.

तू शनिवारी येतो म्हणालास. शनिवारी नको. घरी तर मुळीच नको. यायचंच असेल तर सोमवारी सकाळी सरळ केंद्रात ये. नातेवाइकाला स्टूल मिळतं. मी चार तास मशीनला बांधलेला असतो, उठता येत नाही.

दादा